अस्ताना ते ताश्कंद : गव्हाच्या मागोमाग

दिवस पहिला

मुंबई, दिल्ली, अल्माटी आणि मग अस्ताना. उतरल्यावर घड्याळ फक्त अर्धा तास मागे घेतलं. २०२४ च्या मार्चपासून कझाकस्तानने पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत एकच वेळ लावली आहे, त्यामुळे आपल्यात आणि त्यांच्यात तेवढाच फरक उरला. आपल्याला चौदा दिवसांपर्यंत व्हिसाही लागत नाही. सप्टेंबर नुकताच लागला होता, तरी विमानतळाबाहेर वाऱ्याला चांगलाच बोचरेपणा होता.

मी शेती-अर्थशास्त्रात काम करते. सोव्हिएत संघातून वेगळ्या झालेल्या देशांची धान्य-निर्यातक्षमता हा माझा विषय, आणि गेली दोन वर्षं त्याचा एक तक्ता माझ्या संगणकावर वाढतो आहे. रशिया आणि युक्रेनवर लिहिणारे भरपूर आहेत. त्यांच्याकडे काळी माती आहे आणि काळा समुद्रही. २०२२ मध्ये युद्धामुळे ओडेसाची बंदरं अडली, तेव्हा जगाला त्या समुद्राची किंमत कळली. त्याच वर्षी १३ मे रोजी आपण गव्हाची निर्यात थांबवली. युक्रेनचं धान्य बाहेर सोडण्यासाठी जुलैमध्ये झालेला काळ्या समुद्राचा करार वर्षभर टिकला आणि तेवढ्यात सुमारे ३.३ कोटी टन धान्य बाहेर पडलं. कझाकस्तानचं गणित वेगळं आहे. या देशाला महासागराचा किनाराच नाही, आणि असा किनारा नसलेला जगात याच्याहून मोठा देश नाही. इथला गहू जातो कसा, ते मला पाहायचं होतं.

माझं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं, ज्वारीच्या कोठाराचं. निघताना वडील फोनवर एवढंच म्हणाले, "आकडे राहू देत, तिथली माती हातात घेऊन बघ."

दिवस दुसरा : शोर्तांदी

दुभाषा म्हणून नांदेडचा एक मुलगा मिळाला. इथे वैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला आहे, रशियन फडाफडा बोलतो. सकाळी गाडीत बसता बसता म्हणाला, "ताई, शरीरातली सगळी हाडं मला रशियनमध्ये येतात, पण नांगराला काय म्हणतात ते आज शिकायचंय."

अस्तानाच्या उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर शोर्तांदी. त्याच्याजवळ नाउच्नी नावाची वसाहत आहे. नाउच्नी म्हणजे वैज्ञानिक. १९५६ मध्ये सुरू झालेली धान्यशेतीची संशोधन संस्था इथे आहे आणि ती आज कृषिशास्त्रज्ञ अलेक्सांद्र बारायेव यांच्या नावाने ओळखली जाते.

बारायेवांची गोष्ट सांगायची तर त्सेलिनापासून सुरुवात करावी लागते. त्सेलिना म्हणजे कधी नांगर न लागलेली जमीन. १९५४ मध्ये सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी ही गवताळ माळरानं फोडायचा हुकूम दिला. लाखो तरुण आगगाड्या भरून आले आणि सहा-सात वर्षांत एकट्या कझाकस्तानात अडीच कोटी हेक्टर जमीन नांगराखाली आली. १९५६ मध्ये इथून एक अब्ज पूड धान्य निघालं. पूड हे जुनं रशियन माप, सोळा किलोहून थोडं जास्त. म्हणजे झाले एक कोटी साठ लाख टन. मॉस्कोत जल्लोष झाला. अस्तानाला तेव्हा अक्मोलिन्स्क म्हणत, १९६१ मध्ये त्याचं नाव बदलून त्सेलिनोग्राद केलं. आणि साधारण त्याच सुमाराला माती उडायला लागली. माळाचा वारा इथे वर्षभर असतो. फाळाचा नांगर माती पालथी घालतो, गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला थर सुटतो, आणि वसंतात दिवसाढवळ्या अंधार करणारी वादळं उठतात. १९६३ मध्ये सोव्हिएत संघाला कॅनडाकडून गहू विकत घ्यावा लागला.

बारायेव आधीपासून सांगत होते की इथे जमीन उलथू नका, धसकटं उभी ठेवा आणि दर काही वर्षांनी जमिनीला एक हंगाम विश्रांती द्या. ख्रुश्चेव्हना ती विश्रांती म्हणजे बुडालेलं पीक वाटायची आणि त्यावरून त्यांनी बारायेवांना झापलंही होतं. पुढे वादळांनी निकाल दिला. १९७२ मध्ये बारायेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लेनिन पारितोषिक मिळालं.

संस्थेच्या आवारात त्यांच्या पद्धतीचं अवजार ठेवलेलं आहे, नाव प्लोस्कोरेझ. मी जवळ जाऊन वाकून पाहिलं आणि थबकलेच. पंखांसारखी रुंद पाती जमिनीखालून आडवी सरकतात, तणाची मुळं कापतात, पण वरची माती आणि धसकट जागचं हलत नाही. अहो, हा तर वखर! बैलांऐवजी ट्रॅक्टर, आणि आमच्या हातभर पाशीच्या जागी कितीतरी पट रुंद लोखंड. काम मात्र तेच. मी तिथूनच वडिलांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "फास लई मोठी हाय."

मग तिथल्या ज्येष्ठ मृदाशास्त्रज्ञांसमोर माझा तक्ता उघडला. १९९० नंतर सामूहिक शेतं कोसळली आणि दशकभरात इथलं धान्याखालचं क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आलं. माझ्यासारखे अभ्यासक त्या सुटलेल्या जमिनीवर बोट ठेवून म्हणतात की ही पुन्हा पेरली तर अमुक कोटी टन वाढेल. माझ्या तक्त्यात त्यासाठी खास रकाना होता. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "यातली किती जमीन मुळात फोडायलाच नको होती, तो रकाना कुठे आहे?"

माझ्याकडे तो नव्हता. दक्षिणेकडे सरकलं की पाऊस आणखी कमी होतो, माती हलकी आणि खारट होते. १९५० च्या दशकात आकडा गाठण्यासाठी तीही नांगरली गेली. ती सुटली, तिथे गवत परतलं, मेंढ्या आणि घोडे परतले. त्यांच्या मते हे नुकसान नाहीच, बरी होत आलेली जखम आहे. त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. दोन वर्षं मी तो रकाना कुणालाही न विचारता भरत आले होते.

दिवस तिसरा : शेत

एका मोठ्या शेतावर गेलो. इथल्या एका तुकड्याला क्लेत्का म्हणतात, म्हणजे चौकट. दोन किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद. चारशे हेक्टर, आपले जवळजवळ हजार एकर. आमच्या गावची निम्मी शिवारं त्या एका चौकटीत बसतील, आणि अशा चौकटी क्षितिजापर्यंत एकीला एक लागून.

मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरणी, ऑगस्टच्या अखेरीपासून कापणी. मधले नव्वद-शंभर दिवस, तेवढंच आयुष्य. त्याआधी आणि त्यानंतर दव गोठतं. वर्षाचा सगळा पाऊस तीन-साडेतीनशे मिलिमीटर, त्यातला काही वाटा बर्फाचा. म्हणून गहू कापताना धसकट मुद्दाम उंच ठेवतात. वाऱ्याने पळणारं बर्फ त्या काड्यांत अडकतं आणि वसंतात तिथेच मुरतं. मी वाकून मोजलं, माझ्या वीतभर उंचीची काडी होती. आपण ताली घालून पाणी अडवतो, हे काडीने बर्फ अडवतात.

इथे उत्पादन सेंटनरमध्ये मोजतात. सेंटनर म्हणजे शंभर किलो, आपला क्विंटल. हेक्टरी अकरा-बारा सेंटनर आले तरी लोक समाधानी असतात. एकरी पाच क्विंटलसुद्धा नाही! आपल्याकडे बागायती गव्हाला एकरी पंधरा क्विंटल सांगितले तर कुणी मान वळवून बघत नाही. मात्र इथे एका थेंबाचं सिंचन नाही, आणि सव्वा कोटी हेक्टरच्या आसपास गहू असतो. थोडं गुणिले अफाट, असा हा हिशेब आहे.

वडिलांचं सांगणं आठवलं. मूठभर ओली माती उचलून दाबली. आमची काळी माती ओली असताना बोटांना चिकटते, तिचा गोळा होतो, पायताणं जड करते. ही तशी नाही. दाबली तर गोळा झाला, अंगठा लावला तर रवाळ सुटली, चिवड्यातल्या पोह्यांसारखी. रंग आमच्यासारखाच, पण गुण वेगळा. आमची काळी बेसाल्टच्या खडकातून आली, ही हजारो वर्षांच्या गवतमुळांच्या कुजण्यातून. तिच्यात एक केसाएवढं बारीक मूळ होतं, अजून पांढरं.

कोंबाइन चालवणाऱ्या काकांना खळ्याबद्दल विचारलं. कझाकमध्ये त्याला कीर्मान म्हणतात, म्हणाले. फारसीतल्या खिर्मनवरून आलेला शब्द. आणि भाकरीला नान.

दिवस चौथा : पाऊस, आणि २२.४

पहाटेपासून पाऊस. कोंबाइनं रांगेत उभी, माणसं चहा पीत आभाळाकडे बघत बसलेली. असं बसणं मला परकं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात असाच पाऊस लागून राहिला, उभ्या कणसात दाण्यांना मोड आले आणि देशाचं गव्हाचं उत्पादन सव्वा कोटी टनांच्या खाली गेलं. मोड आलेल्या गव्हाची भाकरी आत चिकट राहते. पुढच्याच वर्षी भरघोस पीक, तेव्हा प्रश्न ठेवायचं कुठे आणि न्यायचं कसं.

दुपारी एका एलिव्हेटरवर गेलो. एलिव्हेटर म्हणजे धान्याची उंच कोठारं, माळावर पंधरा किलोमीटरवरून दिसतात. इथल्या देवळाचं शिखरच म्हणा. आत ओल्या गव्हाचा आंबूस-गोड वास आणि ड्रायरची घरघर.

प्रयोगशाळेतल्या बाई साठीच्या. दुभाषा मुलगा त्यांना अपाय म्हणत होता, वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. ट्रकमधून नमुना आला. त्यांनी तो दळला, पंचवीस ग्रॅम तोलून घेतला, पाणी घालून गोळा मळला आणि वाटीखाली झाकून ठेवला. वीस मिनिटांनी तो तळहातावर घेऊन भांड्यातल्या पाण्यात धुवायला लागल्या. आधी दुधासारखं पांढरं पाणी सुटलं, तो स्टार्च. पाणी बदललं, पुन्हा बदललं. कोंडा बोटांनी वेचून काढला. गोळा लहान होत गेला, रबरासारखा चिवट झाला. पाणी स्वच्छ निघाल्यावर त्यांनी तो दोन हातांत धरून ओढला. पिवळसर करड्या रंगाचा पातळ पडदा झाला, पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती. हेच ग्लुटेन. कझाकस्तानच्या गव्हाला जी किंमत मिळते ती याची.

पिळून तोलला तर ५.६ ग्रॅम. म्हणजे २२.४ टक्के. तिसऱ्या प्रतीला २३ लागतात.

ट्रकबरोबर आलेला शेतकरी दारात उभा होता. अपायनी त्याच्याकडे न बघता दुसरा गोळा मळायला घेतला. पुन्हा सगळं तसंच. पुन्हा ५.६. त्या उठल्या, त्याच्या हातावर हात ठेवून काहीतरी बोलल्या आणि वहीत चौथी प्रत लिहिली. मुलाने मला नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या, "पाऊस तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही." अर्ध्या टक्क्याच्या फरकाने त्याचा भाव खाली आला. मंगळवेढ्याच्या बाजारात ज्वारीचा दाणा तळहातावर घेऊन व्यापारी ओठ मुडपतो, तेव्हा वडिलांचा चेहरा असाच होतो.

दिवस पाचवा : अक्मोल

आज शेताचं काम नव्हतं. अस्तानाच्या पश्चिमेला अक्मोल गाव आहे, तिथे गेलो. १९३८ मध्ये इथे स्त्रियांची छावणी उभी राहिली, अल्झीर. 'देशद्रोह्यांच्या' बायका म्हणून पकडून आणलेल्या हजारो स्त्रिया इथे होत्या. २००७ पासून संग्रहालय आहे. तिथे सांगतात ती कुर्तची गोष्ट ऐकली. गावकऱ्यांची मुलं कैदी बायकांवर दगड मारत, पहारेकरी हसत. एक बाई पडली, तोंडाशी आलेल्या दगडाला दुधाचा वास आला. ते दगड नव्हतेच, वाळवलेल्या खारट चक्क्याचे गोळे होते, म्हणजेच कुर्त.

तो चक्का कुणाकडचा, हे लक्षात घेतलं की गोष्ट आणखी जड होते. त्याच लोकांनी काही वर्षांपूर्वी अशार्शिलिक, म्हणजे दुष्काळ, सोसला होता. १९३० ते १९३३. भटक्या पशुपालकांना बळजबरीने सामूहिक शेतांत कोंबलं, जनावरं आणि धान्य वसूल करून नेलं, आणि सुमारे पंधरा लाख माणसं उपासमारीने गेली. त्यात कझाक इतके की त्यांच्यातल्या दर तिघांमागे एकाहून जास्त माणूस गेला असा हिशेब निघतो. ३१ मे हा दिवस त्यांच्या स्मृतीचा.

आमच्याकडे दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांना उघडून देणाऱ्या दामाजीपंतांची कथा घरोघर सांगतात. लहानपणी मी ती चमत्कार म्हणून ऐकली, विठ्ठल विठू महार होऊन रसद भरतो म्हणून. त्या संग्रहालयात उभी असताना पहिल्यांदा वाटलं, त्यातला खरा चमत्कार आधीचा आहे. कोठाराची किल्ली हातात असलेल्या माणसाने ते उघडलं, तो. इथे ते कुणी उघडलं नाही.

परतताना दोघंही गप्प होतो. मुलाने मध्येच पिशवीतून कुर्तचा एक गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. खूप खारट लागला.

दिवस सहावा : गाडी

अस्तानाहून दक्षिणेला. मुलाचा निरोप घेतला, त्याची परीक्षा होती. गाडी करागांडी मागे टाकून बाल्खाश सरोवराच्या कडेने जाते. त्याचं अर्धं पाणी गोडं, अर्धं खारं. त्याच्या पश्चिमेला बेतपाक-दाला, उपाशी माळ.

रुळांवर समोरून आणि बाजूने मालगाड्या. धान्याच्या हॉपर वॅगन ओळखायला मी शिकले होते. एका वॅगनमध्ये साधारण सत्तर टन. उत्तरेतून काळ्या समुद्रावर जायचं तर अडीच-तीन हजार किलोमीटर, तेही रशियातून, म्हणजे स्वतःच गहू विकणाऱ्या शेजाऱ्याच्या दारातून. पश्चिमेला कॅस्पियनवरचं अक्ताऊ, तिथून इराण किंवा बाकू. पण कॅस्पियनची पातळी खाली जाते आहे आणि जहाजं पूर्ण भरता येत नाहीत. पूर्वेला चीन. सीमेवर रुळाची रुंदी १५२० मिलिमीटरवरून १४३५ वर येते, म्हणून माल उतरवा, पुन्हा भरा, आणि मग ल्यानयुनगांग बंदरापर्यंत आख्खा चीन ओलांडा. २०२४ च्या मोठ्या पिकानंतर सरकारला निर्यातीच्या वाहतुकीसाठी अनुदान द्यावं लागलं, त्यामागे हाच भूगोल आहे.

डब्यात धान्याच्या व्यवहारातले एक गृहस्थ भेटले, त्यांना इंग्रजी येत होतं. त्यांच्याकडून एक शब्द मिळाला : कन्वेन्सिया. पुढच्या सीमास्थानकावर गर्दी झाली की रेल्वे त्या दिशेचं भरणंच थांबवते, त्या बंदीला इथले लोक असं म्हणतात. पीक तयार, गिऱ्हाईक तयार, पैसे तयार, आणि कन्वेन्सिया लागलेली. माझ्या तक्त्यात तीस रकाने आहेत. हा शब्द एकातही नाही.

दिवस सातवा : शिमकेंत, सार्यागाश

शिमकेंतला एक पीठगिरणी पाहिली. रोलरांच्या मजल्यावर पाय थरथरतात. खाली पन्नास किलोंच्या गोणी शिवून वॅगनमध्ये जात होत्या, अफगाणिस्तानसाठी. वर्षानुवर्षं कझाकस्तान जगातल्या सर्वात मोठ्या पीठ निर्यातदारांपैकी आहे. गिरणीवाल्यांची तक्रार मात्र एकच : उझबेकिस्तान आता पीठ कमी आणि गहू जास्त घेतो, स्वतः दळतो आणि तेच पीठ अफगाण बाजारात यांच्याशी स्पर्धा करतं. मला दोघांचंही पटतं. दळण्याचा रोजगार आपल्याकडे असावा, असं कुणाला वाटणार नाही?

सार्यागाश स्थानकावर संध्याकाळ झाली. इथून पुढे उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, तेर्मेझवरून हैरातान आणि मझार-ए-शरीफ. हॉपरची रांग मी मोजायला लागले, साठपर्यंत गेले आणि अंधार पडला. एका वॅगनच्या झाकणाखालून गळलेले दाणे रुळांमध्ये पडले होते. दोन चिमण्या होत्या. कर्मचारी महिला झाडू घेऊन आली, तिने आधी दाणे एका डब्यात गोळा केले आणि मगच फलाट झाडला.

दिवस आठवा : ताश्कंद

सकाळी सीमा ओलांडली. ई-व्हिसा काढलेला होता. रांगेत दीड तास.

चोर्सू बाजाराच्या कडेला तंदूरवाल्यांची ओळ आहे. इथल्या शेतात स्वातंत्र्यानंतर कापूस कमी करून कालव्याच्या पाण्यावर गहू वाढवला, पण त्याला ताण कमी. म्हणून भट्टीवाले उत्तरेचं पीठ मिसळतात. एका भट्टीशी उभी राहिले. कोपऱ्यात दोन प्रकारच्या गोणी होत्या, एकीवर कोस्तानाय लिहिलेलं, म्हणजे कझाकस्तानच्या उत्तरेचा प्रांत. खुणेने विचारलं, दोन्ही का? त्या तरुणाने हसून कणकेचा गोळा उचलला आणि दोन हातांत धरून ओढला. पातळ पडदा झाला, तुटला नाही. पलीकडची भट्टी त्यातून लाल दिसत होती.

मग त्याने तो थापला, मधोमध चेकिच नावाच्या ठशाने टोचून नक्षी उठवली, पाण्याचा हात लावला आणि वाकून तंदूरच्या भिंतीला चिकटवला. बाहेर काढलेला नान त्याने माझ्या हातात दिला. मी तो पिशवीवर ठेवताना पालथा पडला, तर मागच्या आजींनी लगेच पुढे येऊन सुलटा केला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बाकावर बसून अर्धा खाल्ला. उरलेला कागदात गुंडाळून घेतला. चार दिवस टिकतो म्हणाले, मंगळवेढ्यापर्यंत पोचेल.